सर्पगंधेला जगमान्यता मिळवून देणारे डॉ. रुस्तम जाल वकील

भारतीय वैद्यकात शतकानुशतके परिचित असलेल्या सर्पगंधा या वनस्पतीला आधुनिक हृदयरोगशास्त्रात स्थान मिळवून देण्याचे श्रेय मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांच्याकडे जाते.

१७ जुलै १९११ रोजी मुंबईतील एका पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून १९३८ मध्ये ते मायदेशी परतले आणि परळच्या के.ई.एम. रुग्णालयात रुग्णसेवा व अध्यापन करू लागले.

त्या काळी वाढत्या वयाबरोबर बळावणाऱ्या उच्च रक्तदाबावर खात्रीचे औषध नव्हते. मीठ वर्ज्य करणे, विश्रांती, गुंगीची औषधे किंवा मज्जातंतूंवरील अवघड शस्त्रक्रिया एवढेच मार्ग उपलब्ध होते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट यांनाही या विकाराने ग्रासले होते. एप्रिल १९४५ मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले.

सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे कोलकात्याचे डॉ. गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच नोंदवले होते. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी या मुळीतील रासायनिक द्रव्ये वेगळी केली. परंतु पाश्चात्त्य वैद्यकविश्वात या कार्याची फारशी दखल घेतली गेली नाही.

डॉ. वकील यांनी हे औषध अनेक वर्षे रुग्णांना देऊन त्याचे परिणाम काटेकोरपणे नोंदवले. पन्नास रुग्णांवरील त्यांचे निष्कर्ष १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानंतर बोस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी या औषधाची अमेरिकेत चाचणी घेतली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले आणि ते जगभर वापरात आले.

१९५७ मध्ये अमेरिकेच्या प्रतिष्ठित लास्कर पुरस्काराने, तर १९५८ मध्ये भारत सरकारने पद्मभूषण किताबाने डॉ. वकील यांचा गौरव केला.

रेसर्पिनच्या सेवनाने काही रुग्णांना नैराश्य येत असल्याचे पुढे निदर्शनास आले. अधिक सुरक्षित औषधे उपलब्ध झाल्यावर त्याचा वापर घटला. तथापि, उच्च रक्तदाब औषधाने आटोक्यात ठेवता येतो, हा विश्वास वैद्यकविश्वात रुजवण्यात या मुळीचा मोठा वाटा आहे. २० नोव्हेंबर १९७४ रोजी डॉ. वकील यांचे निधन झाले. परंपरागत ज्ञानाला शास्त्रशुद्ध नोंदींची जोड दिल्यास त्याचा लाभ साऱ्या जगाला होऊ शकतो, हे त्यांच्या कार्याने सिद्ध केले.