युबेर रोबेर

युबेर रोबेर (२२ मे १७३३ – १५ एप्रिल १८०८) हे अठराव्या शतकातील फ्रेंच चित्रकार व उद्यानरचनाकार होते. प्राचीन रोमन वास्तूंच्या भग्नावशेषांवर आधारित निसर्गचित्रांसाठी ते प्रसिद्ध आहेत. हयातीतच त्यांना ‘अवशेषांचा रोबेर’ हे नाव पडले होते. तरुणपणी इटलीत पाहिलेल्या वास्तूंच्या आठवणी आणि तेथील रेखाटने यांच्या आधारे त्यांनी पॅरिसमध्ये पुढील चार दशके चित्रे काढली.

== पूर्वायुष्य आणि रोममधील वास्तव्य ==

रोबेर यांचा जन्म पॅरिसमध्ये झाला. त्यांचे वडील एका सरदार घराण्याच्या सेवेत होते. शिक्षण संपल्यावर ते मिशेल-आंज स्लोद्त्झ या शिल्पकाराच्या हाताखाली रेखांकन शिकले. वडिलांच्या धन्याचा मुलगा १७५४ मध्ये फ्रान्सचा राजदूत म्हणून रोमला निघाला, तेव्हा त्याच्या लवाजम्यात एकवीस वर्षांचे रोबेरही होते. ते रोममध्ये अकरा वर्षे राहिले.

तेथील फ्रेंच अकादमीत त्यांनी अभ्यास केला. जोव्हान्नी पाओलो पानीनी आणि जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी या दोन कलावंतांचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. वेगवेगळ्या ठिकाणच्या खऱ्या वास्तू एकाच काल्पनिक दृश्यात मांडण्याची रीत त्यांनी पानीनी यांच्याकडून घेतली. या चित्रप्रकाराला ‘काप्रिचिओ’ म्हणतात. ओनोरे फ्रागोनार हा चित्रकार आणि सँ-नाँ हा कलाप्रेमी धर्मगुरू यांच्याशीही त्यांचा स्नेह जुळला. सँ-नाँ यांच्यासोबत १७६० मध्ये त्यांनी नेपल्सचा प्रवास केला व पाँपेई पाहिले. या काळातील त्यांची रेखाटने बहुधा लाल खडूची आहेत. कोलोसियमच्या भिंतीवर पैज लावून चढल्याची आणि रोमच्या भुयारी दफनभूमीत वाट चुकल्याची कथा त्यांच्याबद्दल सांगितली जाते. दुसऱ्या कथेला कवी देलील यांनी आपल्या काव्यात स्थान दिले.

== पॅरिसमधील कीर्ती ==

रोबेर १७६५ मध्ये मायदेशी परतले व पुढच्याच वर्षी राजकीय चित्रकला अकादमीचे सदस्य झाले. सदस्यत्वासाठी सादर केलेल्या चित्रात टायबर नदीवरील रिपेत्ता बंदर आहे. मात्र बंदराच्या पायऱ्यांमागे त्यांनी पँथिऑन उभे केले आहे. प्रत्यक्षात ते नदीपासून दूर, शहराच्या आत आहे. रोमची माहिती असणाऱ्या प्रेक्षकालाही हे खटकत नाही, कारण चित्राची अंतर्गत मांडणी कोठेही डळमळत नाही.

१७६७ च्या प्रदर्शनावर लिहिताना देनी दिद्रो यांनी त्यांची मनापासून दखल घेतली. अवशेषांसमोर माणसाला काळाची आणि स्वतःच्या नश्वरतेची जाणीव होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणूनच अशा चित्रांत माणसांची गर्दी नको, असा त्यांचा आक्षेपही होता. पुढे त्यांनी रोबेर यांच्या घाईबद्दल नापसंती दर्शविली. ती अनाठायी नव्हती. रोबेर झपाट्याने व विपुल काम करीत आणि काही चित्रांत ती घाई दिसतेच. गर्दीचा आक्षेप मात्र पूर्णपणे पटत नाही. मोडक्या कमानीखाली दोरीवर धुणे वाळत घालणाऱ्या स्त्रिया, गुरे पाजणारे गुराखी ही रोबेर यांच्या चित्रांतील नेहमीची माणसे. त्यांच्यामुळेच त्या वास्तूंची भव्यता आणि त्यांची झालेली अवस्था एकदमच कळते.

मायदेशातील रोमन वास्तूही त्यांनी रंगविल्या. फाँतेनब्लो राजवाड्यासाठी केलेल्या चार मोठ्या चित्रांत (१७८७) पाँ द्यु गार हा जलसेतू तसेच नीम व ओरांज येथील अवशेष आहेत. नीमच्या चित्रात शहरातील दूरदूरच्या वास्तू त्यांनी शेजारी आणून ठेवल्या आहेत. व्हर्साय येथील अपोलोच्या स्नानगृहाचे उपवन त्यांच्याच आराखड्यानुसार नव्याने रचले गेले. राजाच्या चित्रसंग्रहाची देखरेखही त्यांच्याकडे आली. घरात मात्र दुःख होते. त्यांची चारही अपत्ये त्यांच्या हयातीत निवर्तली.

== क्रांती आणि कारावास ==

१७८० नंतर पॅरिसमध्येच नवे अवशेष त्यांच्यापुढे आले. १७८१ मधील ऑपेराची आग, पुलांवरील जुनी घरे पाडण्याचे काम आणि १७८९ च्या जुलैमध्ये सुरू झालेले बास्तीलचे पाडकाम त्यांनी रंगविले. बास्तीलचे चित्र त्यांनी लाफाएत यांना दिले.

राजदरबाराशी जवळीक असलेल्या रोबेर यांना ऑक्टोबर १७९३ मध्ये अटक झाली. आधी सँत-पेलाजी व नंतर सँ-लाझार येथील तुरुंगात ते होते. कोठडीतही त्यांनी काम थांबविले नाही. जेवणाच्या थाळ्यांवरही ते चित्रे काढीत. सँ-लाझारमधील कवी रूशे आणि आंद्रे शेनिए यांचा २५ जुलै १७९४ रोजी शिरच्छेद झाला. दोनच दिवसांनी रोब्झपिएरची सत्ता कोसळली आणि ऑगस्टमध्ये रोबेर सुटले. नामसाधर्म्यामुळे त्यांच्याऐवजी दुसऱ्याच कैद्याचा बळी गेला, ही कथा आख्यायिका म्हणूनच घ्यावी.

== लूव्र ==

सुटकेनंतर लूव्र येथील नव्या संग्रहालयाच्या व्यवस्थापक मंडळात त्यांची नेमणूक झाली. तेथील लांबलचक ‘महादालना’ची दोन चित्रे त्यांनी १७९६ मध्ये प्रदर्शित केली. एकात छतातून उजेड घेणारे भावी दालन आहे. दुसऱ्यात तेच दालन छत कोसळून उघडे पडलेले दिसते आणि मध्ये शाबूत राहिलेल्या अपोलोच्या पुतळ्यासमोर बसून एक चित्रकार रेखाटन करीत आहे. आपण जतन करीत असलेली वास्तू स्वतःच भग्न झालेली कल्पिण्याचे धैर्य संग्रहालयाच्या अधिकाऱ्यात क्वचितच आढळते. दोन्ही चित्रे आज लूव्रमध्येच आहेत. छतातून उजेड घेण्याची सुधारणा एकोणिसाव्या शतकात टप्प्याटप्प्याने प्रत्यक्षात आली.

रोबेर अखेरपर्यंत चित्रे काढीत होते. वयाच्या ७४ व्या वर्षी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. व्हिजे ल ब्रँ या चित्रकर्तीने १७८८ मध्ये काढलेले, हाती रंगपाटी व कुंचले असलेले त्यांचे व्यक्तिचित्रही लूव्रच्या संग्रहात आहे.