लक्ष्मणराव किर्लोस्कर

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने गेले म्हणजे कापूरहोळपाशी भोरकडे जाणारा रस्ता फुटतो. या भागातील शिवारांत आता ट्रॅक्टर फिरतात. तरीही एखाद्या जुन्या घराच्या पडवीत गंज चढलेला लोखंडी नांगर दृष्टीस पडला, तर मुलांनो, त्याच्यापाशी क्षणभर थांबा. सव्वाशे वर्षांपूर्वी असा नांगर शेतात घालण्यास आपल्याकडील शेतकरी धजत नसे. लोखंडाचे विष जमिनीत उतरते आणि जमीन नापीक होते, अशी त्याची समजूत होती. ही समजूत आपल्या चिकाटीने ज्यांनी दूर केली, ते लक्ष्मणराव किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी. मुलाचे मन मात्र पोथीपेक्षा चित्रांत आणि यंत्रांत अधिक रमे. वडिलांचा विरोध असताही थोरले बंधू रामूअण्णा यांच्या साहाय्याने इ. स. १८८५ मध्ये ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पण तेथे दोन वर्षे काढल्यावर एक विलक्षण अडचण उभी राहिली. काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना नीट कळत नाही, असे आढळून आले. ज्याला चित्रकार व्हावयाचे, त्याच्यावर याहून मोठा आघात कोणता? लक्ष्मणरावांनी रंग बाजूस ठेवले. पेन्सिल मात्र सोडली नाही. यंत्रांच्या आकृत्या काढण्यास रंगांची गरज नसते. ती विद्या त्यांनी आत्मसात केली आणि तिच्या जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना शिक्षकाची जागा मिळाली. विद्यार्थ्यांना शिकवता शिकवता ते स्वतःही तेथील यंत्रे चालवावयास व दुरुस्त करावयास शिकले.

याच काळात मुंबईच्या रस्त्यावर त्यांनी एका गृहस्थाला सायकलवर बसून जाताना पाहिले. ते दुचाकी वाहन त्यांच्या मनात भरले. १८८८ च्या सुमारास किर्लोस्कर बंधूंनी सायकलींचा व्यापार आरंभिला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडीत आणि रामूअण्णा त्या बेळगावात विकीत. सायकलीच्या धंद्यातून त्या काळी जगात पुष्कळ गोष्टी निघाल्या. इटलीतील तुरीन शहरी चेइरानो नावाच्या सायकल बनविणाऱ्या कारखानदाराने मोटार तयार केली. अमेरिकेत सायकली दुरुस्त करणाऱ्या राइट बंधूंनी विमान उडविले. बेळगावच्या सायकलींतून मात्र निघाला नांगर!

पुढे संस्थेत बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावास परतले. तेथे त्यांनी प्रथम कडबा कापण्याची यंत्रे बनविली आणि मग लोखंडी नांगर हाती घेतला.

बाभळीच्या लाकडाचा जुना नांगर जमीन नुसती उकरीत असे. लोखंडी नांगराचा फाळ खोल जातो, आणि त्यामागील वळणदार पाते निघालेले ढेकूळ उलटे करून टाकते. त्यामुळे हरळी आणि कुंदा यांची मुळे वर येऊन उन्हात वाळतात. विलायतेहून असे नांगर येत असत. पण ते पाहून तसाच नांगर आपल्या भट्टीत ओतणे सोपे नव्हते. फाळ मऊ झाला तर मुरमाड जमिनीत लवकर झिजतो. फार ठिसूळ झाला तर धोंड्यावर आपटून तुटतो. अनेक प्रयोग करून लक्ष्मणरावांनी नांगर तयार केले. परंतु गिऱ्हाईक मिळेना. पहिला नांगर विकण्यास त्यांना सुमारे दोन वर्षे लागली. शेतकऱ्याच्या भीतीला हसणे आज सोपे आहे. पण ज्याच्या घरचे सारे वर्ष एका पिकावर अवलंबून, त्याने अनोळखी वस्तूपुढे पाऊल मागे घेतले, तर त्यात नवल काय? लक्ष्मणरावांनी त्याला कधी मूर्ख ठरविले नाही. वापरणाऱ्यांनी दाखविलेले दोष त्यांनी नांगरात सुधारले. हळूहळू खप वाढू लागला.

इतक्यात नवे संकट आले. बेळगावच्या वस्तीवाढीच्या योजनेत कारखान्याची जागा गेली आणि चालता कारखाना उठवावा लागला. या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या मदतीस धावून आले. भोर हे जसे पंतसचिवांचे संस्थान, तसे औंध हे पंतप्रतिनिधींचे. लक्ष्मणरावांनी त्यांच्या एका सभामंडपाचे काम केले होते, त्यामुळे हा मनुष्य किती मोलाचा आहे, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी कर्ज दिले आणि कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळची जागा दिली. जागा कसली, निवडुंगाने माजलेला, नागसापांनी भरलेला तो माळ होता! पाणीही पुरेसे नव्हते. १९१० मध्ये पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे यांसह लक्ष्मणराव तेथे राहावयास गेले. माळ साफ झाला, भट्ट्या पेटल्या, आणि त्या वसाहतीस किर्लोस्करवाडी हे नाव पडले.

या वसाहतीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. रामूअण्णा व्यवस्था पाहत, शंभोराव जांभेकर यंत्रे सांभाळीत, मंगेशराव रेगे हिशेब ठेवीत. रात्रीच्या पहाऱ्याचे काम तर लक्ष्मणरावांनी तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांवर सोपविले! हा निर्णय पुष्कळांना धाडसाचा वाटला असेल. पण त्या माणसांनी ठेवलेल्या विश्वासास तडा जाऊ दिला नाही.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी लोखंड आणि कोळसा येईनासा झाला. ओतशाळेची भट्टी विझली तर कामगारांच्या चुलीही विझणार होत्या. लक्ष्मणरावांनी दगडी कोळशाऐवजी लाकडी कोळसा वापरून पाहिला. कोल्हापूरचे शाहू महाराज यांनी पन्हाळगडावरील जुन्या निकामी तोफा त्यांना दिल्या. त्या तोफा भट्टीत वितळल्या आणि त्यांच्या लोखंडाचे नांगर झाले.

युद्धानंतर, १९२० मध्ये, किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघू लागले. पाणी उपसण्याचे पंप, उसाचे चरक, यांत्रिक लेथ अशा वस्तू कारखान्यात तयार होऊ लागल्या. पुत्र शंतनुराव अमेरिकेत अभियांत्रिकी शिकून आले आणि त्यांनी पुढचा व्याप वाढविला. १९४६ मध्ये पुण्यास खडकी येथे तेलावर चालणाऱ्या इंजिनांची कंपनी निघाली, तेव्हा लक्ष्मणराव हयात होते.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांचे चित्र असलेले टपाल तिकीट काढले. कुंडल रोड या स्थानकाचे नावही बदलले आहे. सांगली जिल्ह्यातून जाणारी गाडी तेथे थांबते, तेव्हा फलाटावरील पाटीवर किर्लोस्करवाडी ही अक्षरे दिसतात.