काउंट रम्फर्ड : ज्याने इतरांची घरे उबदार केली

थंड देशांत विस्तव केवळ रांधण्यापुरता लागत नाही. हिवाळ्यात तो नसला तर माणूस घरातच गारठून जातो. म्हणून युरोपात भिंतीतच शेकोटीसाठी मोठा कोनाडा ठेवीत आणि त्यावर धुराडे बांधीत. पण बहुतेक उष्णता धुराड्यातून आभाळात जाई आणि धूर मात्र खोलीत कोंडे. श्रीमंतांना हे परवडे; गरिबाचे सरपण मात्र व्यर्थ जळे. हा दोष ज्याने दूर केला त्या बेंजामिन थॉम्सन ऊर्फ काउंट रम्फर्ड याची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

त्याचा जन्म 1753 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात वोबर्न या गावी, शेतकऱ्याच्या घरी झाला. तो तान्हा असतानाच वडील वारले. एकोणिसाव्या वर्षी त्याने एका धनवान विधवेशी लग्न केले. 1774 साली त्यांना सारा ही मुलगी झाली. तेव्हा अमेरिकेत इंग्रजी राज्याविरुद्ध असंतोष पेटला होता. थॉम्सन इंग्रजांच्या बाजूचा. त्यांना तो गुप्त बातम्याही पुरवी. लोकांचा रोष ओढवताच त्याने बायको व तान्ही मुलगी मागे टाकून पळ काढला आणि 1776 साली इंग्लंड गाठले.

पुढे तो जर्मनीतील बव्हेरियाच्या इलेक्टरच्या (शासकाच्या) नोकरीत शिरला. म्यूनिक शहरात त्या वेळी भिकाऱ्यांचा सुळसुळाट होता. 1 जानेवारी 1790 रोजी त्याने सैनिकांकरवी भिकाऱ्यांना पकडविले. पण त्यांना तुरुंगात न टाकता स्वच्छ, उबदार उद्योगगृहात नेले. तेथे त्यांना सूत कातण्याचे काम, मजुरी आणि जव, वाटाणे व बटाटे यांचे गरम सूप मिळू लागले. दुर्गुणी माणसाला आधी सद्गुणी करावे व मग सुखी करावे, असे लोक मानीत. थॉम्सनने हा क्रम उलटा केला: आधी ऊब, अन्न आणि मान द्यावा, म्हणजे सुधारणा मागोमाग येते. पुढे तो आजारी पडला तेव्हा हे गरीब लोक मिरवणुकीने मंदिरात जाऊन त्याच्यासाठी प्रार्थना करू लागले.

1792 साली त्याला काउंट ही पदवी मिळाली. सासरच्या गावाचे जुने नाव रम्फर्ड. तेच त्याने पदवीसाठी निवडले. त्याच वर्षी त्याची पत्नी अमेरिकेत वारली. अमेरिका सोडल्यावर त्याने तिचे तोंड पाहिले नव्हते.

1796 साली त्याने शेकोटीवरील आपला निबंध इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केला. उपाय अगदी साधा होता. कोनाड्याची खोली कमी करावी, बाजूच्या भिंती तिरप्या बांधाव्यात, म्हणजे विस्तवाची धग खोलीत परावर्तित होते. धुराड्याचा गळा सुमारे चार इंच इतका अरुंद करावा, म्हणजे धूर नेटाने वर ओढला जातो. थोड्या विटा व चुना यांत गवंडी हे काम करी. खोली अधिक ऊब धरू लागली, जळण कमी लागू लागले, आणि लंडनमध्ये या शेकोट्यांचा मोठा बोलबाला झाला. या शोधाचे पेटंट मात्र त्याने घेतले नाही. ज्याला हवे त्याने खुशाल बांधावी.

तोफांना भोके पाडताना निघणाऱ्या उष्णतेवरून त्याने 1798 साली असे प्रतिपादन केले की, उष्णता हा पदार्थ नसून एक प्रकारची गती आहे. 1799 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनच्या स्थापनेतही त्याचा पुढाकार होता.

मात्र त्याच्या स्वतःच्या घरात ऊब टिकली नाही. मुलीची व त्याची पुन्हा भेट झाली ती 1796 साली, ती वयात आल्यावर. 1805 साली त्याने प्रख्यात शास्त्रज्ञ लव्हॉझिए याच्या विधवेशी विवाह केला, पण भांडणे विकोपाला जाऊन 1809 साली दोघे विभक्त झाले. 1814 साली पॅरिसजवळ ओतई येथे तो निवर्तला.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी मुलांना हे चरित्र सांगताना दोन्ही बाजू सांगाव्यात, असे आम्हांस वाटते. अनोळखी भिकाऱ्याला प्रथम ऊब द्यावी, हे ज्याला कळले, त्याला आपल्या लेकराची आठवण वीस वर्षे दूर ठेवता आली. त्याचे उपकार त्यामुळे खोटे ठरत नाहीत. पण लोकांसाठी पुष्कळ करणाऱ्या आपणा सर्वांना घरी कोण गारठत आहे, हे पाहावयास हवे.