धुराड्यांचा डॉक्टर

जानेवारीच्या पहाटे सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातल्या कुठल्याही खेड्यात गेलात, तर पारावर तुराट्या-पऱ्हाट्यांची शेकोटी आणि अंगणात आंघोळीच्या पाण्याची चूल पेटलेली दिसते. काही जुन्या घरांत अजून तांब्याचा बंब आहे. मधोमध नळी, नळीत जाळ, भोवती पाणी आणि खाली राख पडायला जाळी. थोडे बंबफोड टाकले की घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी उरकतात. तेवढेच पाणी तीन दगडांवरच्या हंड्यात तापवायचे तर जळण कितीतरी जास्त जाते आणि धुराने डोळे चुरचुरतात ते वेगळेच.

जाळ तोच, लाकूडही तेच, मग फरक कशाने पडतो? हा प्रश्न हातात थर्मामीटर घेऊन ज्याने आयुष्यभर विचारला, तो माणूस होता बेंजामिन थॉम्प्सन. इतिहास त्याला काउंट रम्फर्ड म्हणून ओळखतो. माणूस म्हणून तो फारसा आवडावा असा नव्हता. पण थंडीत घर कसे तापते, धूर घरात का कोंडतो आणि गोधडीत ऊब का येते, याची उत्तरे शोधताना त्याचे नाव टाळता येत नाही.

त्याचा जन्म २६ मार्च १७५३ रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये, वोबर्न गावच्या शेतकरी कुटुंबात झाला. वडील तो तान्हा असतानाच वारले. तेराव्या वर्षी तो सेलमच्या एका दुकानदाराकडे उमेदवारीला लागला. तिथे शोभेची दारू बनवताना स्फोट होऊन तो चांगलाच भाजला. उष्णतेशी त्याची पहिली ओळख अशी झाली. पुढे त्याने शाळामास्तरकी केली आणि १९व्या वर्षी एका श्रीमंत विधवेशी लग्न केले. अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले तेव्हा त्याने इंग्रजांची बाजू घेतली, त्यांच्यासाठी अदृश्य शाईत हेरगिरीची पत्रे लिहिली आणि १७७६मध्ये बायको आणि लहानग्या मुलीला मागे ठेवून लंडन गाठले. बायकोची आणि त्याची पुन्हा कधी भेट झाली नाही.

लंडनमध्ये बंदुकीच्या दारूवरच्या प्रयोगांमुळे १७७९मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. युद्ध संपल्यावर १७८४मध्ये तो जर्मनीतल्या बव्हेरियाच्या राज्यकर्त्याच्या, कार्ल थिओडोरच्या चाकरीत गेला. त्याच्या आयुष्यातला कामाचा भाग खरा इथून सुरू होतो.

बव्हेरियाच्या फौजेची अवस्था वाईट होती. शिपायांना धड कपडे नव्हते आणि तिथली थंडी हाडे गोठवणारी. कोणते कापड सर्वांत उबदार, हे ठरवायला रम्फर्डने शिंपी किंवा व्यापारी विचारला नाही. काचेच्या फुग्यात थर्मामीटर ठेवायचा, भोवती लोकर, कापूस, रेशीम, पिसे, सशाची लव असे एकेक भरायचे, उकळत्या पाण्यात तापवायचे, मग बर्फाच्या पाण्यात बुडवून पारा ठरावीक अंश उतरायला किती सेकंद लागतात ते मोजायचे, असा त्याचा खाक्या होता. सशाची लव आणि पाणबदकाची मऊ पिसे सर्वांत सरस ठरली. पण त्याच्या लक्षात आले की ऊब त्या धाग्यात नसते. धाग्यांच्या मध्ये अडकलेली, हलू न शकणारी हवा उष्णतेला बाहेर जाऊ देत नाही. या कामाबद्दल १७९२मध्ये त्याला रॉयल सोसायटीचे कॉप्ले पदक मिळाले.

आपल्या आज्यांनी जुन्या लुगड्यांचे थरावर थर देऊन गोधडी शिवली, ती हेच तत्त्व नाव न देता वापरून. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ कपडे एकावर एक घातले तर थंडी कमी वाजते, ती मधल्या हवेमुळे. कपडा ओला झाला की हवेची जागा पाणी घेते आणि पाणी उष्णता झपाट्याने काढून नेते. थंडीत पहाटे पाणी द्यायला शेतात जाणाऱ्यांनी भिजलेले कपडे अंगावर वाळू देऊ नयेत, याचे कारण हेच.

आता म्युनिकचे भिकारी. १ जानेवारी १७९० रोजी रम्फर्डने लष्कराच्या मदतीने शहरातले भिकारी धरून आणले. सुमारे ६० हजार वस्तीच्या शहरात त्यांची संख्या २६०० भरली. त्यांना त्याने उबदार, स्वच्छ कामशाळेत नेले, गरम जेवण दिले आणि फौजेचे कपडे शिवायच्या कामाला लावले. ही धरपकड होती, हे विसरता येत नाही. पण आधी पोटात अन्न आणि अंगाला ऊब, मग काम, हा त्याचा क्रम त्या काळच्या दानधर्माच्या पद्धतीपेक्षा शहाणपणाचा होता. जेवण म्हणजे बार्ली, वाटाणे, बटाटे आणि शिर्का घालून शिजवलेले घट्ट सूप. पाणी शिजता शिजता स्वतःच पोषक होते, असा त्याचा समज होता. तो साफ चुकीचा निघाला. पोषण होते ते वाटाण्यांचे आणि बार्लीचे.

एवढ्या माणसांचा स्वयंपाक उघड्या जाळावर करायचा तर लाकडाचे डोंगर लागले असते. म्हणून त्याने विटांची बंदिस्त चूल बांधली. प्रत्येक भांडे विटांमध्ये खोल बसवलेले, त्याच्याखाली स्वतःचा छोटा जाळ, हवा कमीजास्त करायला दार आणि धूर न्यायला वेगळी वाट. बंबातला आणि तीन दगडांच्या चुलीतला फरक तो हाच. उघड्या चुलीत जाळ भांड्याला जेमतेम चाटून जातो आणि उरलेली उष्णता वाऱ्यावर जाते. बंदिस्त चुलीत तापलेल्या वायूला भांड्याला वळसा घालूनच बाहेर पडावे लागते. इंग्रजी स्वयंपाकघरात चहाची एक किटली उकळायला जेवढे जळण जाते, तेवढ्यात ५० माणसांचे जेवण शिजेल, असा त्याचा हिशेब होता.

हिंगोलीच्या वाचकांना यातला एक धागा जवळचा वाटेल. हा भाग हैदराबाद संस्थानात आणि नंतर हैदराबाद राज्यात होता, त्या दिवसांत हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी मातीची धूरविरहित चूल तयार केली. एकाच जाळावर एकाहून जास्त भांडी आणि धुराला थेट छपराबाहेर नेणारे धुराडे. १९५३मध्ये त्यांची या चुलीवरची पुस्तिकाही निघाली. वर्ध्याच्या मगनवाडीतली मगन चूल त्याच कुळातली. या चुली सगळीकडे का रुजल्या नाहीत, याची कारणे फार तांत्रिक नाहीत. मातीला तडे गेले की डागडुजी करायला कोणी नसायचे, आणि धुराड्यातली काजळी झाडली नाही की धूर पुन्हा घरातच यायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने घरातल्या चुलीच्या धुराने २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्या धुराचा सगळ्यात जवळून सामना करतात त्या स्वयंपाक करणाऱ्या बायका आणि त्यांच्या कडेवरची मुले.

म्युनिकमधल्या कामाबद्दल थॉम्प्सनला काउंट ही पदवी मिळाली, आणि ज्या गावात त्याने मास्तरकी केली होती त्या गावाचे जुने नाव, रम्फर्ड, त्याने घेतले. १७९५मध्ये तो लंडनला आला तेव्हा शहर धुरात बुडालेले होते. तिथे घरोघरी भिंतीत शेकोटी असे. मोठा चौकोनी कोनाडा, त्यात लाकडाचा किंवा कोळशाचा जाळ आणि वर माणूस मावेल एवढे रुंद धुराडे. त्यासमोर बसणाऱ्याचे तोंड भाजे आणि पाठ गारठे. कारण त्या रुंद तोंडातून खोलीतली गरम हवाच वर ओढली जायची आणि तिच्या जागी दारा-खिडक्यांच्या फटींतून थंड हवा आत यायची. वारा उलटला की धूर खोलीत शिरायचा.

रम्फर्डने गवंडी बोलावला. कोनाडा उथळ केला, मागची भिंत पुढे आणली, बाजूच्या भिंती १३५ अंशांत तिरप्या केल्या, म्हणजे तापलेल्या विटांची उष्णता खोलीकडे फेकली जाईल. धुराड्याचा गळा त्याने अवघ्या चार इंचांवर आणला. अरुंद गळ्यातून धूर वेगाने वर जाऊ लागला, पण खोलीतली हवा मात्र फारशी पळून जाईना. काम थोड्या विटांचे आणि थोड्या वेळाचे. त्याने अशी शेकडो धुराडी दुरुस्त करून दिली आणि १७९६मध्ये त्यावर निबंध छापला. या शेकोट्यांची इतकी चलती झाली की जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्दँगर ॲबी’ या कादंबरीतही रम्फर्ड शेकोटी आली. जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराने १८००मध्ये त्याला कोटाचे शेपूट वर करून स्वतःच्याच शेकोटीपाशी पाठ शेकताना रेखाटले.

या सगळ्यात त्याने एक गोष्ट कधी सोडली नाही. धुराडे अरुंद केले, पण बुजवले नाही. आपल्याकडे दर हिवाळ्यात ही चूक होते. रात्री थंडी वाढली की बाहेरची शेगडी किंवा निखाऱ्यांचे घमेले खोलीत आणतात आणि दारे-खिडक्या घट्ट लावून झोपतात. निखाऱ्याचा धूर दिसत नाही म्हणून तो निर्धोक वाटतो. पण अपुऱ्या हवेत जळणाऱ्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो आणि शरीराचा प्राणवायू तोडतो. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे, आणि झोपेत असलेल्याला तीही कळत नाहीत. खोलीत कोणी असे सापडले तर दारे उघडून त्याला आधी मोकळ्या हवेत न्यावे आणि लगेच दवाखान्यात न्यावे, तिथे ऑक्सिजन लागतो. बंद न्हाणीघरातला गॅस गिझरही याच कारणाने जीव घेतो.

म्युनिकच्या शस्त्रागारात तोफांच्या नळ्या कोरताना धातू भयंकर तापतो, हे रम्फर्डने पाहिले होते. त्या काळी उष्णता म्हणजे वस्तूत भरलेला एक अदृश्य द्रव, असे मानत. त्याने मुद्दाम बोथट पाते लावले, तोफ पाण्याच्या पेटीत बसवली आणि घोड्यांनी यंत्र फिरवले. अडीच तासांत विस्तवाशिवाय पाणी उकळू लागले. बघणारे थक्क झाले. घोडा फिरत राहील तोवर उष्णता निघतच राहिली, मग ती द्रव कशी असेल? ती गतीच असली पाहिजे, असे त्याने १७९८मध्ये मांडले. सगळ्यांना ते पटायला आणखी अर्धे शतक जावे लागले.

१७९९मध्ये त्याने लंडनमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशन उभारण्यात पुढाकार घेतला आणि तरुण हंफ्री डेव्हीला तिथे आणले. याच सुमारास त्याने वाफेवर लिहिले. विस्तव एका जागी ठेवायचा आणि वाफेतून उष्णता हव्या त्या ठिकाणी न्यायची, ही ती कल्पना. वसमत, औंढ्याकडच्या शेतात ती आज रोज पाहायला मिळते. पूर्वी हळद काढली की मोठ्या कढईत शिजवत. आता बांधावर बॉयलर, त्याखाली लाकडाचा जाळ आणि नळ्यांतून वाफ ओल्या हळदीच्या टाक्यांत. जळण कमी लागते आणि हळद सगळीकडून सारखी शिजते.

अमेरिका-कॅनडाच्या बर्फाळ भागात हेच घरासाठी करतात. अंगणात टपरीएवढी भट्टी, आत लाकडाचा जाळ, भोवती पाणी, आणि ते गरम पाणी जमिनीखालच्या नळ्यांतून घरात फिरते. थोडक्यात, आपला बंबच, फक्त खोलीएवढा. घरात धूर येत नाही हे खरे. पण धुराडे बुटके आणि हवा रोखून जाळ धुमसता ठेवलेला, त्यामुळे धूर शेजाऱ्यांच्या खिडकीपाशी रेंगाळतो. तक्रारी इतक्या वाढल्या की व्हरमाँटसारख्या राज्यांनी धुराड्याच्या उंचीचे नियम केले आणि २०१५मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने अशा नव्या भट्ट्यांच्या धुरावर मर्यादा घातली. ओले लाकूड आणि कोंडलेला जाळ कुठेही असाच वागतो, मग अंगण कळमनुरीतले असो की कॅनडातले.

रम्फर्डचे लंडनमध्येही कोणाशी फार काळ जमले नाही. १८०२मध्ये तो पॅरिसला गेला आणि १८०५मध्ये मारी-ॲन लाव्हाझिए हिच्याशी लग्न केले. तिचा पहिला नवरा, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए, फ्रेंच राज्यक्रांतीत गिलोटिनवर गेला होता. उष्णता हा द्रव आहे या कल्पनेचा तोच मोठा पुरस्कर्ता, आणि रम्फर्डने खोडली ती तीच कल्पना. संसार टिकला नाही. तिने बोलावलेल्या पाहुण्यांना त्याने फाटकाबाहेर ठेवले, तेव्हा तिने त्याच्या आवडत्या फुलझाडांवर उकळते पाणी ओतले. १८०९मध्ये दोघे वेगळे झाले.

अखेरची वर्षे त्याने पॅरिसजवळच्या ओतय गावी काढली. हिवाळ्यात तो पांढरा कोट आणि पांढरी टोपी घालून फिरे. पांढऱ्या कपड्यातून अंगाची उष्णता कमी बाहेर पडते, अशी त्याची खात्री होती. अंगातून निघणारी उष्णता डोळ्याला दिसणाऱ्या रंगाची फारशी पर्वा करत नाही, हे नंतर कळले. २१ ऑगस्ट १८१४ रोजी, वयाच्या ६१व्या वर्षी तो वारला. विज्ञानाच्या अध्यापनासाठी त्याने हार्वर्डला पैसा ठेवला. उष्णता आणि प्रकाशावरच्या संशोधनासाठी रॉयल सोसायटीला त्याने आधीच देणगी दिली होती. त्या रम्फर्ड पदकाचे मानकरी पुढे फॅरडे आणि पाश्चर झाले. पहिले पदक मात्र दिले गेले ते खुद्द रम्फर्डलाच.