बापूकुटी कोणी बांधली? ब्रिटिश अ‍ॅडमिरलच्या मुलीने, गावातल्या मातीतून

वर्ध्याजवळच्या सेवाग्राममध्ये गेलात तर बापूकुटी बघितल्याशिवाय कोणी परत येत नाही. पण ही कुटी मुळात बापूंसाठी बांधलीच नव्हती. ती होती मीराबेन यांची.

मीराबेन म्हणजे मॅडलिन स्लेड. जन्म 1892 चा, इंग्लंडमधला. वडील ब्रिटिश नौदलात अ‍ॅडमिरल. फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांच्यामुळे त्यांना गांधीजी कळले आणि नोव्हेंबर 1925 मध्ये त्या थेट साबरमती आश्रमात दाखल झाल्या. मीरा हे नाव गांधीजींनीच दिलं.

1936 मध्ये गांधीजींनी सेगावात राहायचं ठरवलं. हेच गाव पुढे सेवाग्राम झालं. जमीन जमनालाल बजाज यांची होती. अट एकच, खर्च कमीत कमी आणि सामान आसपासचंच. बांधकामाची जबाबदारी मीराबेनवर आली. गावातल्या माणसांना हाताशी घेऊन त्यांनी आधी आदी निवास उभा केला. मग स्वतःसाठी एक झोपडी बांधली. गांधीजी नंतर तिथेच राहायला गेले आणि ती बापूकुटी झाली.

मातीच्या भिंती, लाकूड, बांबू आणि वर कवेलू. विदर्भातल्या शेतकऱ्याचं घर असंच असायचं. जाड मातीची भिंत हळूहळू तापते, त्यामुळे वर्ध्याच्या उन्हाळ्यातही आत गारवा राहतो. पुढे आलेलं छप्पर भिंतीला पावसापासून वाचवतं. भिंतीवरची ताडाची झाडं आणि चरखा मीराबेननी मातीतच उठावात घडवले.

1942 मध्ये गांधीजींसोबत त्यांनाही पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत ठेवलं गेलं. नंतर त्या हिमालयाच्या भागात राहिल्या. 1959 मध्ये त्यांनी भारत सोडला आणि नंतर त्या ऑस्ट्रियात गेल्या. त्यांना पद्मविभूषण मिळालं आणि 1982 मध्ये तिकडेच त्यांचं निधन झालं.

कुटी मात्र अजून उभी आहे. मातीचं घर एकदा बांधलं की काम संपत नाही. जमीन शेणाने सारवावी लागते, भिंती लिंपाव्या लागतात, पावसाळ्याआधी कवेलू फेरावे लागतात. हे पुस्तकात वाचून जमत नाही, त्याला सवयीचे हात लागतात. गावागावात सिमेंटची घरं वाढली तसे हे हात कमी होत चालले. बापूकुटी जपायची तर हे काम येणारी माणसंही जपावी लागतील.