गुरांच्या डॉक्टरने चाकात हवा भरली

शेतकरी बंधूंनो, टायरची बैलगाडी आता तुमच्या सवयीची झाली आहे. पण लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवलेली गाडी ज्यांनी हाकली, त्यांना तिचा खडखडाट अन् बैलांच्या खांद्यावर बसणारे हिसके आठवत असतील. हे हिसके पोटात घेणारी हवेची धाव ज्याने जगभर नेली, तो माणूस इंजिनिअर नव्हता की कारखानदार नव्हता. तो होता गुरांचा डॉक्टर! जॉन बॉइड डनलॉप त्याचं नाव.

डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या गावी, शेतकऱ्याच्या घरात झाला. एडिंबरोला त्यांनी पशुवैद्यकीचं शिक्षण घेतलं. १८६७ च्या सुमारास ते आयर्लंडला गेले आणि बेलफास्ट शहरात त्यांच्या दवाखान्याने चांगला जम बसवला.

१८८७ साली त्यांच्या लहान मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर फार दणके देई. त्या काळी चाकांना भरीव रबर असे. डॉक्टरांनी पातळ रबराची नळी केली, ती कापडाने लाकडी चकतीवर बांधली आणि पंपाने हवा भरली. मग अंगणात एकदा सायकलचं भरीव रबराचं चाक ढकललं, एकदा हवेचं. पहिलं थोडं जाऊन आडवं झालं. हवेचं चाक अंगण ओलांडून दारावर आपटलं अन् परत फिरलं. डॉक्टरांना उत्तर मिळालं. ७ डिसेंबर १८८८ रोजी त्यांना पेटंटही मिळालं.

तरी लोक हसलेच. पण १८८९ साली विली ह्यूम नावाच्या सायकलपटूने बेलफास्टच्या शर्यती याच टायरवर जिंकल्या आणि हसणारे गप्प झाले. हार्वे डू क्रॉस या व्यापाऱ्याने संधी ओळखली. त्याच साली डब्लिनमध्ये कंपनी निघाली. डनलॉप यांनी पेटंट कंपनीला दिलं आणि बदल्यात १५०० शेअर घेतले.

आता पुढची गोष्ट नीट ध्यानात घ्या. पेटंट मिळून दोन वर्षं होतात न होतात तोच ते रद्द ठरलं! कारण रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने १८४५ सालीच हवेच्या टायरचं पेटंट घेतलं होतं. त्याने घोडागाडीला असे टायर लावूनही दाखवले होते. पण तेव्हा रस्त्यावर सायकली नव्हत्या, मोटारी नव्हत्या. गिऱ्हाईक नाही, म्हणून युक्ती विसरली गेली. डनलॉप यांना त्याची गंधवार्ता नव्हती.

कंपनी मात्र बुडाली नाही. टायर रिमवर काढता-घालता यावा, पंक्चर काढणं सोपं व्हावं, यासाठी इतरांनी काढलेल्या युक्त्यांचे हक्क तिने विकत घेतले. १८९६ साली ती ३० लाख पौंडांना विकली गेली आणि घेणाऱ्याने लगेच ५० लाखांना शेअर बाजारात आणली. ही दौलत डनलॉप यांच्या पदरात पडली नाही. ते त्याआधीच बाजूला झाले होते. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिनमध्ये त्यांचं निधन झालं.

नाव मात्र जगभर गेलं. १९३६ साली पश्चिम बंगालमधील साहागंज येथे डनलॉपचा टायर कारखाना सुरू झाला. पुढे तो बंद पडला. १९८५ साली मूळ ब्रिटिश कंपनीही दुसऱ्यांच्या हाती गेली. मालक बदलले, नाव तेच राहिलं.

मंडळी, सातबारा पाहिल्याशिवाय आपण जमिनीचा व्यवहार करत नाही. तुमच्यापैकी कुणी नवं औजार, नवी युक्ती काढली असेल, तर तिचेही कागद आधी असेच तपासा. ते आधी कुणी काढलंय का, हक्क कुणाचा, विकला तर पुढच्या नफ्यात वाटा किती, हे जाणकाराकडून समजून घ्या आणि मगच सही करा. डनलॉप यांच्यासारखं नाव सगळ्यांनाच मिळत नाही. कष्टाचं मोल तरी पदरात पडायला हवं.