पाकिटावरचे नाव



वर्गात मला ‘तिकीटवाला’ म्हणत, हे काहींना आठवत असेल. भूगोलाच्या सरांनी दिलेल्या चार तिकिटांपासून लागलेला तो नाद निवृत्तीनंतरही सुटलेला नाही. पुढे तिकिटांपेक्षा दुसऱ्या महायुद्धातल्या जहाजांवरून आलेल्या पाकिटांत मन जास्त रमले. अशाच एका पाकिटामुळे मला लिओनार्ड रॉय हार्मन कळला.

या पाकिटावर तिकीट नाही. १ एप्रिल १९४२ पासून अमेरिकी सैनिकांचे साधे पत्र मोफत जाई. तिकिटाच्या जागी हाताने ‘फ्री’ लिहिले की झाले. शेजारी सेन्सॉरचा शिक्का. पोस्टाच्या शिक्क्यात तारीख आणि ‘यू. एस. नेव्ही’ एवढेच. शांततेच्या काळात त्यात जहाजाचे नाव असे. युद्धात गुप्ततेसाठी ते काढून टाकले होते. नाव सापडते ते पाठवणाऱ्याच्या पत्त्यात, खलाशाच्या अक्षरात: ‘यू. एस. एस. हार्मन, फ्लीट पोस्ट ऑफिस, सॅन फ्रान्सिस्को’.

हा हार्मन कोण, म्हणून शोधू लागलो. वाटले, असेल कुणी अॅडमिरल. निघाला मेसमधला वाढपी!

लिओनार्डचा जन्म २१ जानेवारी १९१७ चा, टेक्सासमधल्या क्यूरो गावचा. तिथे गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळासुद्धा वेगळ्या. १९३९ मध्ये तो नौदलात भरती झाला. त्या काळी कृष्णवर्णीय तरुणाला तिथे जवळजवळ एकच काम मिळे: मेस अटेंडंट. अधिकाऱ्यांना जेवण वाढायचे, त्यांच्या खोल्या आवरायच्या. ‘सॅन फ्रान्सिस्को’ या क्रूझरवर तो हेच करत होता. लढाईच्या वेळी मात्र मेसमधल्या माणसांनाही दारूगोळा पोहोचवणे, जखमींना उचलणे अशी कामे असत.

१३ नोव्हेंबर १९४२. ग्वाडलकॅनाल बेटाजवळ मध्यरात्रीनंतर जपानी ताफ्याशी अगदी जवळून लढाई जुंपली. ‘सॅन फ्रान्सिस्को’वर तोफगोळ्यांचा मारा झाला, अॅडमिरल कॅलहन आणि कॅप्टन यंग दोघेही मारले गेले. त्या धुमश्चक्रीत हार्मन जखमींना मलमपट्टीच्या जागी नेत होता. शुश्रूषा करणाऱ्या एका गोऱ्या सहकाऱ्याला वाचवण्यासाठी तो गोळीबाराच्या आड आला आणि मेला. वय पंचवीस. त्याला मरणोत्तर ‘नेव्ही क्रॉस’ मिळाला.

२५ जुलै १९४३ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सी येथे ताफ्यांचे रक्षण करणारी एक नवी युद्धनौका पाण्यात उतरली. तिला हार्मनचे नाव दिले होते. कृष्णवर्णीय माणसाचे नाव लाभलेली अमेरिकी नौदलाची ही पहिली युद्धनौका. जलावतरण त्याच्या आईच्या हस्ते झाले. पुढे ही नौका दक्षिण पॅसिफिकमध्ये, तो जिथे पडला त्याच टापूत, ताफ्यांच्या सोबतीला गेली. पण नौदलातले भेद लगेच संपले नाहीत. सैन्यदलांत समान वागणुकीचा राष्ट्राध्यक्षांचा हुकूम निघायला १९४८ उजाडले. ज्या नौकेला हार्मनचे नाव, तिच्यावरही त्याच्या वर्णाच्या मुलांच्या वाट्याला मुख्यतः मेसचेच काम होते.

युद्ध संपल्यावर शिक्क्यांत जहाजांची नावे परतली. १९६७ मध्ये नौका भंगारात गेली. माझ्याकडे उरले आहे हे पाकीट.

या स्मरणिकेसाठी जुने फोटो चाळताना आपल्या वर्गाच्या फोटोत कडेला उभे असलेले शिपाईमामा दिसले. घंटा त्यांची, माठातले पाणी त्यांचे, पाय मुरगळला की खांद्यावर घेऊन घरी पोहोचवणारेही तेच. मलाही त्यांनी एकदा पोहोचवले होते. फोटोखाली नावे लिहायला बसलो. मुलांची सगळी आठवली, शिक्षकांचीही. त्यांच्या जागी मात्र पेन अडले. आठ वर्षे ‘मामा’ म्हटले, नाव कधी विचारले नाही.

समुद्रापलीकडच्या वाढप्याची जन्मतारीख मला पाठ आहे, याची तेव्हा लाज वाटली. तुमच्यापैकी कुणाला मामांचे पूर्ण नाव ठाऊक असेल, तर मेळाव्याच्या दिवशी मला जरूर सांगा. फोटोखालची ती जागा मी रिकामी ठेवली आहे.